पंचनाम्यातला पेरू

आमच्या घरात चोरी कधी झाली नाही, पण गावात झालेल्या प्रत्येक चोरीचा कागद आमच्या ओट्यावर लिहिला गेला. फैजपूरपासून सायकलने पाऊण तासावरचं आमचं गाव, चारी बाजूंना केळीच्या बागा आणि मधोमध पोलीस चौकी म्हणून एक खोली. त्या खोलीत एक टेबल, एक कंदील आणि खिळ्याला टांगलेली बेडी एवढाच सरंजाम होता. खुर्चीही होती, पण तिचा एक पाय ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मोडला होता, आणि तो कोणत्या गटाने मोडला यावर एकमत होत नसल्यामुळे दुरुस्ती अडली होती. म्हणून सुकलाल हवालदार आपलं सगळं कामकाज घेऊन आमच्याकडे यायचा. आमचा ओटा रुंद होता, वर कडुलिंबाची सावली होती, आणि हिवाळ्यात आई कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला लागली, की त्या वासाने हवालदाराला गावातली गुन्हेगारी हमखास आठवायची. भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन झाली की तो बोटं पुसत कागद काढायचा.

सुकलाल मूळचा धुळ्याकडचा. बदली होऊन इकडे पूर्वेला आला तरी त्याची अहिराणी काही सुटली नव्हती, आणि आमच्या गावाला ती ऐकायला फार आवडायची. सायकलच्या दांड्याला काठी बांधलेली, डोक्यावरची टोपी हँडलला अडकवलेली, असा तो यायचा. आईला अक्का म्हणायचा, तिच्या हातून पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी घ्यायचा. त्याने कोणाला मारल्याचं मी पाहिलं नाही. त्याला खरी भीती चोरांची नव्हती, कागदांची होती. वरच्या साहेबाला कागद पाहिजे असतो, तो वेळेवर गेला नाही तर आपलं काही खरं नाही, एवढं त्याला नोकरीने शिकवलं होतं.

आता पंच म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या नातीच्या वयाच्या पुष्कळ जणांना पंच म्हटलं की क्रिकेटचाच आठवतो. पोलिसांना कुठे काही सापडलं, की ते सापडताना बघायला गावातली दोन प्रतिष्ठित माणसं लागतात. त्यांनी तिथे उभं राहायचं, डोळ्यांनी बघायचं आणि जे पाहिलं त्याच्या कागदाखाली सही करायची. तो पंचनामा. आमच्या गावात प्रतिष्ठित माणसांची टंचाई नव्हती, पण पंच व्हायला कोणी धजत नसे, कारण आज सही केली की पुढे कधीतरी कोर्टाचं बोलावणं येतं. माझे वडील मात्र एका पायावर तयार असत. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्ही मुलंही नानाच म्हणायचो. नानांची सही ही बघण्यासारखी गोष्ट होती. पहिलं अक्षर पागोट्याएवढं, मग बाकीची एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेली, खाली एक लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ती टिंबं कशासाठी असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सही संपली हे कळालं पाहिजे ना."

आबा, म्हणजे माझे आजोबा, या सगळ्या प्रकारावर नाराज असत. त्यांच्या लहानपणी पोलीस गावात आला की बायाबापड्यांसकट सगळं गाव बागेत जाऊन बसायचं. तो निघून गेल्यावर काय चोरीला गेलं होतं हे आठवायचं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून, हवालदाराला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणायचे, "चोर परवडला बापा. चोर एकदा येते अन् जाते. हा रोज येऊन च्या पिते." नानांना हे अजिबात पटत नसे. "आबा, तुमचं राज्य गेलं," ते म्हणायचे. "आता सरकार म्हणजे आपणच. आपणच सही नही केली तर सरकार चालीन कसं?" आबा म्हणत, "मले ते चाललेलं दिसू दे पहिले."

नानांचं आणखी एक व्रत होतं ते वर्तमानपत्राचं. सकाळच्या एसटीने ते यायचं, आणि आंघोळ करून, टोपी घालून नाना ओट्यावर त्याचं मोठ्याने वाचन करायचे. ऐकायला आठ-दहा माणसं जमायची. पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीतल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत ते काही सोडत नसत. पुढाऱ्याचं भाषण आलं की पुढाऱ्याच्या आवाजात वाचायचे, आणि शोकसभेची बातमी आली की डोक्यावरची टोपी काढायचे. गावात कोणाचं पत्र आलं तरी तेच वाचून दाखवायचे. असा हा माणूस, पण सरकारी कागद मात्र त्यांनी कधी वाचला नाही. कागद पुढे आला की टोपण काढायचे आणि सही ठोकायचे. वाचून सही करणं म्हणजे सरकारवर संशय घेणं, असं त्यांचं मत होतं. प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी 'हा पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर आहे' असं वाक्य असे, आणि तेही त्यांनी वाचलेलं नसे.

हे मी परवा धुळ्यात माझ्या नातीला, ऋचाला, हसत सांगत होते. ती फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करते. ती गंभीर होऊन म्हणाली, "आजी, आता असं चालत नाही. झडतीचं चित्रीकरण करावं लागतं." तिच्या पिढीचा पोलिसांवर विश्वास नाही, पुढाऱ्यांवर तर नाहीच, पण कॅमेऱ्यावर फार आहे. हे बोलता बोलता तिने मोबाईलवर काहीतरी उघडलं, त्यावर पाच-सात पानं बारीक अक्षरांचा मजकूर आला, आणि तिने तो बोटाने सर्रकन वर ढकलून खालच्या 'मान्य आहे'वर टिचकी मारली.

या कारभारात मी शिरले ती अक्षरामुळे. मी तेव्हा फैजपूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जात होते, आणि माझं अक्षर चांगलं होतं. सुकलालचं अक्षर इतकं वाईट की त्याने लिहिलेला 'बैल' साहेबाने 'केळ' वाचला आणि चौकशीला कोणीतरी केळ शोधत आलं. एक दिवस त्याने मला वही करताना पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुन्हं अक्षर मोतीसारखं शे. मी सांगस, तू लिखी दे." तेव्हापासून तो सांगायचा आणि मी लिहायची. सुरुवातीला जसंच्या तसं लिहिलं. मग मला त्याची गोडी लागली. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, हे लिहिताना एखादी विहीर, एखादी बाभूळ मी नीट उभी करायची. वरच्या साहेबाने एकदा विचारलं म्हणे, की हवालदार, तुम्ही सध्या काही वाचन करता का. सुकलालने ती हकिकत मला फार अभिमानाने सांगितली.

अशात चेअरमनभाऊंची मोटार चोरीला गेली. मोटार म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसायची. भाऊ आमच्या सोसायटीचे चेअरमन, आणि त्या वर्षी पंचायत समितीला उभे होते. मोटार गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी विरोधी गटाने सभेत विचारलं, ज्याला स्वतःची मोटार सांभाळता येत नाही तो तालुका काय सांभाळणार. ही गोष्ट भाऊंना मोटारीपेक्षा जास्त लागली. त्यांनी चौकीत जाऊन सांगितलं की मतदानाच्या आत चोर पाहिजे. मोटार मिळाली नाही तरी चालेल, पण चोर पाहिजेच. झालं उलटं. आठवड्याने मोटार सापडली आणि चोर मिळाला नाही. गुराख्यांना ती नाल्यात पडलेली दिसली, हे आम्हाला मागाहून कळलं. जड झाली म्हणून चोरांनी टाकून दिली असावी. सुकलालने ती बैलगाडीत घालून आणली आणि विचार करत बसला. नुसती मोटार परत नेऊन दिली असती तर भाऊंनी त्याची चंद्रपूरला बदली केली असती. मग त्याने पोलिसी डोकं चालवलं. गावात मोटारींशी संबंध असलेला माणूस एकच, उस्मानचाचा.

उस्मानचाचा जळालेल्या मोटारींना नवीन तार गुंडाळून द्यायचे. त्यांच्या दुकानात कायम डझनभर मोटारी उघड्या पडलेल्या, आणि त्यातली निम्मी आमच्या गावातल्या शेतकऱ्यांची. ऐन उन्हाळ्यात केळीला पाणी नाही म्हणून माणसं रडकुंडीला यायची तेव्हा हा माणूस जेवण सोडून तार गुंडाळत बसायचा. त्यांना अक्षरओळख नव्हती. भिवंडीच्या मुलाचं पत्र आलं की ते घेऊन नानांकडे यायचे आणि नाना ते दोनदा वाचून दाखवायचे.

त्या दिवशी नाना घरी नव्हते. केळीचे घड वॅगनमध्ये भरायला ते सकाळपासून स्टेशनवर होते. घडांच्या दिवसांत तीन-तीन दिवस त्यांना तिकडेच राहावं लागे, आणि आपल्यामुळे सरकारचं काम अडू नये म्हणून त्यांनी डझनभर कोऱ्या कागदांवर तळाशी सह्या करून हवालदाराकडे देऊन ठेवल्या होत्या. शेजारी दुसऱ्या पंचाचा, म्हणजे आमच्या शेतावर वर्षाच्या बोलीने राहिलेल्या सालदाराचा अंगठा. सुकलालने त्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "उस्मानना घरना मांगे मोटार सापडनी. लिख."

मला धक्का बसला, पण शंका आली नाही. हवालदार सांगतो म्हणजे त्याने पाहिलं असणार, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. मी लिहायला घेतलं. मजकूर दहा ओळींत आटोपला, आणि नानांची सही खाली, पानाच्या तळाला. मधे हातभर जागा कोरी. सुकलाल म्हणाला, "जागा रिकामी ठेवानी नही. कोणी मागाहून काही घुसाडी दी." खोट्या कागदात कोणी खोटं घुसडू नये याची त्याला काळजी होती. मी विचारलं, मग काय लिहू. तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "तुले जे सुचस ते लिख. जागानं वर्णन."

मी कधी उस्मानचाचांच्या घरामागे गेले नव्हते. पण जागा भरायची होती, आणि मला सुचत गेलं. सदर घराच्या पाठीमागे, भिंतीपासून अंदाजे सहा फुटांवर, एक पेरूचे झाड असून ते चांगले डेरेदार आहे. झाडास फळे असून त्यांपैकी काही पोपटांनी खाल्लेली दिसतात. झाडाखाली वाळलेल्या पाल्याचा ढीग असून तो बाजूस सारला असता आत सदरची मोटार मिळून आली. असं करत करत मी नानांच्या सहीपर्यंत पोचले. वर्गात निबंधाला मिळायचं तसं समाधान मला मिळालं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण मिळालं होतं.

उस्मानचाचांना दुसऱ्या दिवशी धरून नेलं. पंधरा दिवसांनी जामिनावर सुटून आले, पण तोवर चेअरमनभाऊ निवडून आले होते आणि दुकानातल्या मोटारी लोकांनी उचलून नेल्या होत्या. नाना म्हणाले, "माणूस चांगला होता, पण कागदावर आलं आता." स्वतःची सही असलेल्या कागदाबद्दल ते बोलत होते. आबा म्हणाले, "कागदावर तर तू पण हाये." नाना उठून आत गेले.

मग एक दिवस दुपारी उस्मानचाचांची बायको, जैतूनबी, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली. वकिलाने तिला सगळे कागद वाचून दाखवले होते. ती आईला म्हणाली, "भाभी, हमारे घर के पिछे तो नाली है. उधर आदमी आडा होके चलता. ये पेरू का झाड किधर से आया?" मी चुलीजवळ भाकरी थापत होते, ती परातीतच फाटली. जैतूनबी पुढे म्हणाली, "वकील बोला, ये लिखाई भी हवालदार की नही. लिखनेवाले को भी बुलायेंगे कोर्ट में." तिला माहीत नव्हतं की लिहिणारी तिच्यापासून चार हातांवर बसली आहे. ती गेल्यावर मी मागच्या गल्लीने जाऊन पाहिलं. घराची भिंत, मग हातभर नाली, मग दुसऱ्या घराची भिंत. तिथे पेरूचं काय, तुळससुद्धा उगवली नसती. मी तिथेच रडत उभी राहिले. एका भल्या माणसाला मी माझ्या अक्षराने चोर केलं होतं.

मी पहिल्यांदा सुकलालला गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ हनुवटी खाजवली. मला वाटलं तो आता कागद बदलेल. तो म्हणाला, "कागद तं साहेबकडे ग्या. आते झाडच लावनं पडी." आणि खरोखर तो दुसऱ्या दिवशी सायकलला बांधून पेरूचं रोप घेऊन आला. नालीच्या कडेला कशीबशी वीतभर माती करून त्याने ते लावलं. नालीपलीकडच्या घरातल्या बाईला वाटलं वनमहोत्सव आहे. तिने रोपाला पाणी घातलं आणि हवालदाराला चहा दिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेळीने रोप खाल्लं. सुकलालने दुसरं आणून त्याला काट्यांचं कुंपण केलं. ते शेळीने काट्यांसकट खाल्लं. तिसऱ्या रोपाच्या वेळी आबा मुद्दाम काठी टेकत बघायला गेले आणि येऊन ओट्यावर म्हणाले, "झाडाआधी फळं आली बापा, पोपटाईनं खाल्ली, अन् आता रोप लावू राह्यले. इंग्रजाले नही जमलं हे."

शेवटी मी नानांना सांगितलं. बागेत, दोन ओळींच्या मधे, ते वाळलेली पानं कापत होते तिथे. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा मलाच बोलले. "पेरू काहून लावला तू? लिंब लावायचा. लिंब कुठी बी उगवते." मग विळा हातातच धरून खाली बसले. त्या दिवसापर्यंत त्यांना उस्मानचाचा चोर वाटत होते, कारण कागदात तसं होतं, आणि कागदाखाली त्यांचीच सही होती. माझंही तसंच झालं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवून एक माणूस बुडवला होता. जैतूनबीने वकिलाबद्दल जे सांगितलं तेही मी सांगितलं. नाना एवढंच म्हणाले, "तुले बोलावतीन?"

खटला उभा राहायला वर्ष गेलं. त्या वर्षात नाना निम्मे झाले. गावच्या पोलीस पाटलाची जागा रिकामी होती, आणि नानांना ती मनापासून हवी होती. चेअरमनभाऊ येऊन बसायचे, आईच्या हातची शेवभाजी खायचे आणि सांगायचे, "नाना, साक्ष नीट झाली की तुमचं नाव मीच वर पाठवतो." एकीकडे जन्मभराची हौस, दुसरीकडे उस्मानचाचा, आणि खरं बोलायला जावं तर कोर्टाच्या पिंजऱ्यात उद्या लग्नाची मुलगी उभी. त्या काळी कोर्टात नाव आलेल्या मुलीला बघायला कोण आलं असतं. मी म्हटलं, मी उभी राहीन, मी सांगेन. ते म्हणाले, "तू गप बस. तू लय लिहिलं."

कोर्टाच्या दिवशी हट्ट करून मी मामाबरोबर गेले आणि मागच्या बाकावर बसले. आमच्या गावची पंधरा-वीस माणसं आलेली होती. चेअरमनभाऊ पहिल्या बाकावर. उस्मानचाचा भिंतीला टेकून उभे, धुतलेला पांढरा सदरा घातलेला. दुसऱ्या पंचाचा पुकारा झाला, पण आमचा सालदार तोवर सुरतेला निघून गेला होता. मग नाना पिंजऱ्यात गेले. लग्नातला काळा कोट त्यांना सैल झाला होता.

सरकारी वकिलांनी कागद दाखवून विचारलं, "ही सही तुमची?"

"माझीच."

"पंचनाम्याच्या वेळी तुम्ही तिथे हजर होता?"

"नव्हतो साहेब. स्टेशनवर केळी भरत होतो. वॅगनची पावती आणली आहे."

सरकारी वकिलांनी चष्मा काढला. चेअरमनभाऊंनी मान वळवून मागे पाहिलं, जणू नाना दुसरीकडेच कुठेतरी उभे असावेत. मग वकील म्हणाले की साक्षीदार फितूर झाला आहे. तो शब्द ऐकून नानांनी कठडा घट्ट धरला. आयुष्यात त्यांना कोणी असं बोललं नव्हतं.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी विचारलं, "हजर नव्हता, तर सही कशी?"

"सही आधीची आहे साहेब. मजकूर मागाहून आला."

"म्हणजे कोऱ्या कागदावर सही केलीत?"

"हो. तसे अजून सात चौकीत आहेत. ते परत मिळाले तर बरं होईल."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं, पण तेही खाली बघूनच. मला मात्र हसू आलं नाही, कारण आता उस्मानचाचांचे वकील उठले होते. त्यांनी तो कागद नानांच्या हातात दिला आणि म्हणाले, "यात शेवटी लिहिलंय, वाचून पाहिला, बरोबर आहे. हे अक्षर हवालदारांचं दिसत नाही. चांगलं वळणदार आहे. कोणाचं आहे, ओळखता का?"

नानांनी कागद दोन्ही हातांनी धरला. माझं अक्षर. पहिलीत त्यांनीच माझा हात धरून गिरवून घेतलेलं. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि परत वकिलांच्या हातात दिला.

"साहेब, मले वाचता येत नही," नाना म्हणाले. "सही तेवढी शिकलो. मले सगळी अक्षरं सारखीच. कोणाचं हाये ते मी काय सांगू?"

कोर्टात आमच्या गावची पंधरा-वीस माणसं बसली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं नानांच्या तोंडून वर्तमानपत्र ऐकलं होतं. कोणी खोकलंसुद्धा नाही. चेअरमनभाऊंचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी पुन्हा मिटलं. बोलले असते तर त्यांनाही पिंजऱ्यात यावं लागलं असतं, आणि मोटार खरी कुठे सापडली हा प्रश्न निघाला असता. उस्मानचाचा नानांकडे टक लावून बघत होते. मुलाची कितीतरी पत्रं त्यांनी या माणसाकडून ऐकली होती. मग सुकलालला विचारलं, हे अक्षर कोणाचं. त्याला मला वाचवायचं काही कारण नव्हतं. नोकरी तर आता धोक्यात आलीच होती. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "अक्षर मन्हंच शे साहेब. तवय हात बरा व्हता."

उस्मानचाचा सुटले. सुकलालची बदली झाली. ते सात कागद परत आले की नाही मला माहीत नाही. ही गोष्ट ऋचाने सगळी ऐकली आणि म्हणाली, "आजी, पणजोबा शपथेवर खोटं बोलले. गुन्हा आहे तो." मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "आणि पंधरा-वीस माणसांनी तो लपवला." मी म्हटलं, लपवला. मग तिने विचारलं, "मग आज असं कोणी करेल का?" हा प्रश्न तिने परीक्षेसाठी विचारला नव्हता.

पण किंमत पडली ती नानांना. कोर्टातून आल्यावर दुसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे एसटी आली, वर्तमानपत्र आलं, ओट्यावर माणसं जमली. नानांनी घडी उलगडली आणि थांबले. ज्या माणसाने कोर्टात सांगितलं की मला वाचता येत नाही, त्याने ओट्यावर वाचलं असतं तर कोणी ना कोणी ते तालुक्याला पोचवलं असतं, आणि सगळं पुन्हा उकरून निघालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला हाक मारली, "कुसुम, वाच." मी वाचायला बसले. कोणी हसलं नाही, कोणी विचारलं नाही. आबासुद्धा त्या दिवशी काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

त्यानंतर नानांनी चारचौघांत एक अक्षर वाचलं नाही. पोलीस पाटलाच्या जागेला लिहिता-वाचता येणं जरूर होतं, त्यामुळे तीही हौस तिथेच मिटली. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या याद्या करताना, ते शांतपणे म्हणायचे, "मले येत नही, तुम्ही सांगा." फक्त गोठ्यात, दार लावून, ते सकाळी माझ्याआधी वर्तमानपत्र वाचून घ्यायचे. त्यामुळे मी ओट्यावर वाचताना एखादी ओळ गाळली की मान न वळवता म्हणायचे, "काहीतरी राहिलं वाटते." ऐकणारे सगळे वर झाडाकडे बघत बसायचे. उस्मानचाचा मुलाची पत्रं आता माझ्याकडे घेऊन यायचे. मी वाचायची, आणि नाना बाजूला बसून, ओठ हलू न देता, माझ्याबरोबर वाचायचे.

मग माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. घरून पत्रं यायची ती गावातल्या मास्तरांच्या अक्षरात, नानांनी सांगितलेली, त्यात सगळं खुशाल असायचं. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक आंतरदेशीय पत्र आलं, त्यावर शिक्का भुसावळचा होता. गावच्या पोस्टात कोणी अक्षर ओळखू नये म्हणून केळी घेऊन गेले असताना तिथल्या पेटीत टाकलेलं. आत नानांचं अक्षर, पहिलं पागोट्याएवढं आणि मागची एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेली. आबांचा गुडघा दुखतो, लाल गाय व्याली, उस्मानने नवीन यंत्र घेतलं आणि त्याच्याकडे पुन्हा रांग लागते. आता ओट्यावर सरपंचाचा मुलगा वाचतो, फार चुका करतो, मला बोलता येत नाही. घर तुझ्यावाचून रिकामं वाटतं. वाचून झाल्यावर फाडून टाक. दोन्ही बाजू आणि दुमडीचा भागही त्यांनी गच्च भरला होता, आणि शेवटच्या ओळीखाली दोन बोटं जागा होती. सहीची जागा तेवढी त्यांनी कोरी ठेवली होती.